सोबत राहणाऱ्या मैत्रिणींना त्यांचं पाप दाखवायचं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात नोकरीला आहात आणि दोन मैत्रिणींसोबत फ्लॅटमध्ये राहता. एकीचे लग्नाशिवाय मित्राशी संबंध आहेत. दुसरी देव मानत नाही आणि धर्माचा विषय निघाला की तुम्हाला चिडवते. तुमच्या प्रार्थनागटाच्या पुढाऱ्यांनी बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातला, धोक्याचा इशारा न देणाऱ्या पहारेकऱ्याचा उतारा वाचून दाखवला आणि सांगितलं की, तू त्यांना त्यांचं पाप दाखवलं नाहीस तर त्यांच्या रक्ताचा जाब तुला द्यावा लागेल. तुम्ही एकदा बोलून पाहिलंत, त्यातून भांडण झालं. आता गप्प बसलात की मन खातं. शेवटी तुम्ही विचारलंत, 'मी यांच्याकडे कोणत्या नजरेने बघू?' माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. बोलायचं की नाही हे त्यानंतर ठरतं.

मी नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, पाळक म्हणून आयुष्य घालवलं, आता निवृत्त आहे. कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल अशा वेगवेगळ्या पंथांचे सगळे ख्रिस्ती या प्रश्नाला एकच उत्तर देणार नाहीत. शिवाय तुमच्या घरातलं वातावरण मी पाहिलेलं नाही. त्या तुम्हाला किती जवळच्या आहेत, त्यांनी कधी आपणहून तुमचं मत विचारलंय का, त्यांच्यापैकी कोणाचा बाप्तिस्मा झालाय का, यावर बरंच अवलंबून आहे. दोघीही ख्रिस्ती नाहीत असं धरून पुढचं लिहितोय. एक गोष्ट मात्र आधीच ठामपणे सांगतो. तुमच्या मनाला जी टोचणी लावली गेलीये ती शास्त्राच्या अर्धवट वाचनातून आलीये. ती वाहत बसण्याचं तुम्हाला काही कारण नाही.

यहेज्केलाचा तिसरा आणि तेहेतिसावा, हे दोन्ही अध्याय पुन्हा उघडा. देव त्याला पहारेकरी नेमतो तो इस्राएलाच्या घराण्यासाठी. हे लोक बाबेलात बंदिवान होते, पण देवाशी करार झालेले होते, मोशेचं नियमशास्त्र ऐकत वाढलेले होते. संदेष्टा त्यांच्यातलाच, त्यांच्याबरोबर खबार नदीकाठी दिवस काढणारा. बाबेलच्या रहिवाशांच्या घरात शिरून त्यांचं खाजगी आयुष्य तपास, असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आज हा उतारा लागू करायचाच तर तो आधी पाळकांना, पंचांना आणि प्रार्थनागटाच्या पुढाऱ्यांना लागू होतो. आणि पहारा करायचा तो आपल्याच माणसांवर.

नव्या करारातली पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने तर याबाबतीत शंकेला जागाच ठेवलेली नाही. करिंथ हे ग्रीसमधलं, बंदराजवळचं, पैसेवाल्यांचं आणि सगळ्या प्रकारच्या सुखांचं शहर. तिथल्या मंडळीला सुमारे इ. स. ५५ मध्ये लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय वाचा. मंडळीतला एक माणूस बापाच्या बायकोबरोबर राहत होता आणि मंडळी त्याकडे कानाडोळा करून स्वतःच्या अध्यात्माचा तोरा मिरवत होती. पौल मंडळीवर संतापतो. पण लगेच खुलासाही करतो: जारकर्म्यांची संगत धरू नका असं मी लिहिलं होतं ते जगातल्या लोकांबद्दल नव्हतं, कारण मग तुम्हाला जगातूनच निघून जावं लागेल. मी बोललो ते स्वतःला 'बंधू' म्हणवणाऱ्याबद्दल. बाहेरच्यांचा न्याय करणं माझं काम कुठे आहे, त्यांचा न्याय देव करील, असं तो सरळ विचारतो.

आपल्याकडे याच्या उलट चाललंय. मंडळीची जमीन परस्पर विकली जाते. विश्वासी म्हणवणारे एकमेकांविरुद्ध वर्षानुवर्षं कोर्टात लढतात, आणि पौल पुढच्याच अध्यायात याच विषयावर येतो. मुलीच्या लग्नात देणंघेणं होतं. सोयरीक जुळवताना पणजोबांची बाप्तिस्म्याआधीची जात विचारली जाते. यांवर उपदेश क्वचितच ऐकू येतो. पण कुणा परक्या मुलीचा मित्र तिच्या खोलीवर येतो म्हटलं की सगळ्यांना पहारेकऱ्याचा उतारा आठवतो. पाप म्हटलं की आपलं बोट नेहमी अशा माणसाकडे वळतं जिथून आपल्याला काहीच किंमत मोजावी लागत नाही. हे मला आयुष्यभर खटकत आलंय.

यावर तुमचे पुढारी योना, आमोस आणि बाप्तिस्मा करणारा योहान या बायबलमधल्या संदेष्ट्यांची नावं घेतील. ती घ्यायलाच हवीत, कारण हे तिघे बाहेरच्यांशी किंवा सत्ताधाऱ्यांशी कडक बोलले. तेव्हा ते काय बोलले ते बघा. आमोस पहिल्या दोन अध्यायांत दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन आणि मवाब या शेजारी राष्ट्रांवर आरोप ठेवतो. कोणते? इस्राएलाच्या गिलाद प्रांताला लोखंडी अवजारांनी मळून काढलं, अख्ख्या वस्त्या गुलाम म्हणून विकल्या, सरहद्द वाढवण्यासाठी गरोदर बायकांची पोटं फाडली, मेलेल्या राजाची हाडं जाळली. एकालाही तो 'तुम्ही दुसऱ्या देवांना भजता' असं म्हणत नाही. माणसाला माणूस म्हणून जे कळायला हवं, त्यासाठी त्यांना कुठल्या ग्रंथाची गरज नव्हती, त्याचाच जाब तो मागतो. मग यहूदा आणि इस्राएल या त्याच्या स्वतःच्या लोकांची पाळी येते, आणि त्यांच्यावरचे आरोप अधिक बारीक आहेत: नियमशास्त्र झिडकारलं, गरिबाला जोड्यांच्या किमतीला विकलं, बाप आणि मुलगा एकाच मुलीकडे जातात. शरीरसंबंधातल्या पापाचा उल्लेख येतो तो इथे, घरच्यांच्या यादीत.

योनाला देवाने ज्या परक्या शहरात पाठवलं त्या निनवेच्या बाबतीतही तिथला राजा लोकांना हातातली हिंसा सोडा असं सांगतो. आणि त्या पुस्तकाचा शेवट योनाच्या उपदेशाने होत नाही. उजवा-डावा हात न कळणाऱ्या एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची आणि त्यांच्या गुराढोरांची मला कीव येऊ नये का, असं देव योनाला विचारतो. बाहेरच्यांना धाक घालण्यासाठी योनाचं नाव घेणाऱ्यांनी तो प्रश्न स्वतःसाठी वाचावा. योहानाचं म्हणाल तर त्याने भावाची बायको ठेवणाऱ्या हेरोद या राज्यकर्त्याला सुनावलं. हेरोद सत्तेवर होता आणि त्याच नियमशास्त्राखाली असल्याचं मिरवत होता. योहानाने ते बोलण्यासाठी स्वतःचं डोकं गमावलं. दुबळ्याने बलवानाला सुनावणं आणि चौघींनी मिळून एका मुलीला तिच्याच घरात सुनावणं, यांना एका मापाने मोजता येणार नाही.

तर इथपर्यंतचं थोडक्यात: पहारा आपल्या घरचा, बाहेरच्यांचा न्याय देवाकडे, आणि बाहेरच्यांशी कडक बोलायची वेळ येते ती कुणाचा तरी जीव, अब्रू किंवा हक्क चिरडला जात असताना.

मग बाहेरच्यांच्या पापाला पाप म्हणायचं नाही का? म्हणायचं. सर्वांनी पाप केलंय आणि सगळेच देवाच्या गौरवाला उणे पडलेत, हे रोमकरांस पत्रातलं वाक्य मी मानतो आणि सौम्य करून सांगत नाही. लग्नाबाहेरचा संबंध योग्य आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही, आणि मैत्रिणीला बरं वाटावं म्हणून तुम्हीही तसं सांगू नका. पण त्या वाक्यात 'सर्वांनी' आहे. पौल ते लिहितो तोवर त्याने अडीच अध्याय खर्च करून मूर्तिपूजक आणि देवाचे म्हणवणारे, दोघांना एका ओळीत उभं केलेलं असतं. दुसऱ्या अध्यायात तर तो दुसऱ्याला दोष लावणाऱ्यालाच धरतो: तूही तेच करतोस. ज्या सिद्धांताने सगळे एका पातळीवर येतात, त्याच्यावर चढून आपण दुसऱ्याकडे खाली बघू शकत नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाने तर याबाबतीत अधिकच जपून राहायला हवं. नगर, जालना, सोलापूर या भागांतल्या मंडळ्यांमध्ये बहुतेकांचे पूर्वज महार-मांग वस्त्यांमधून आले. त्यांना पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं की तुमचा जन्मच मागच्या पापाचं फळ आहे, म्हणून तुमची सावली नको, तुमचं पाणी नको. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य येशूला विचारतात की हा आंधळा जन्मला तो कुणाच्या पापामुळे, याच्या की आईबापांच्या? येशू म्हणतो, ना याच्या, ना त्यांच्या. आपल्या आजोबा-पणजोबांना ही गोष्ट ऐकताना काय वाटलं असेल याचा विचार करा. पाप या गोष्टीचा वापर माणसांची उतरंड रचण्यासाठी झाला तेव्हा तळाशी आपणच होतो. ख्रिस्तात आल्यावर आपण तीच उतरंड नव्याने रचायची, फक्त वरची जागा आपण घ्यायची, हे मला सहन होत नाही.

किल्लारीचा भूकंप आठवतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. मदतीला गेलेल्यांपैकी एकाच्या तोंडून मी ऐकलं की गणपतीपुढे नाचले म्हणून हे झालं. ढिगाऱ्यातून प्रेतं निघत होती तेव्हा. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेल्याचा उल्लेख आहे. ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का, असं येशू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. पुढे तो पश्चात्तापाबद्दल बोलतो ते समोर उभ्या असलेल्या, जिवंत ऐकणाऱ्यांशी. तुमच्या मैत्रिणीची नोकरी गेली, तिचं नातं तुटलं, घरात आजारपण आलं, तर त्याचा तिच्या वागण्याशी संबंध जोडू नका. तोंडाने नाही आणि मनातल्या मनातही नाही.

मग कोणत्या नजरेने बघायचं? इथे मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींकडे (जोगिणींकडे) राहत असताना त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं, समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांसाठीचं घर दाखवायला नेलं होतं. अशा बायकांवर इतकी माया करणारी माणसं त्यांनी पाहिली नव्हती. हे कशामुळे, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तरादाखल त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. रमाबाईंनी हे स्वतः लिहून ठेवलंय. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. रमाबाईंच्या विद्वत्तेपुढे वादात टिकणं सोपं नव्हतं. त्यांच्या मनाचं दार उघडलं ते पापी ठरवलेल्या बाईला मिळालेल्या वागणुकीने. पुढे केडगावला त्यांनीही अशा स्त्रियांसाठी कृपासदन काढलं.

ती शोमरोनी स्त्रीची गोष्ट क्रमाने वाचा. शोमरोनी म्हणजे यहूदी ज्यांना दूर ठेवत त्या शेजारच्या समाजातली. येशू तिच्याकडे आधी पाणी मागतो. यहूदी माणूस शोमरोनी बाईच्या भांड्यातलं पाणी मागतोय, याचा अर्थ विटाळ मानणाऱ्या समाजात वाढलेल्या आपल्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मग संभाषण होतं. तिचे पाच नवरे आणि आताचा माणूस हा विषय बराच नंतर येतो, आणि तोही हिणवण्यासाठी नाही. ती त्यावरून पळून जात नाही, उलट गावाला बोलावून आणते. 'पण येशू स्पष्ट बोलला होताच ना' असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, तुम्ही तिच्याकडे पाणी मागितलंत का?

दुसरं उदाहरण घरातलं आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाईंचा १९००मध्ये. मधल्या काळात आधी ताटातूट झाली, मग त्या नगरला टिळकांकडे आल्या तरी आपलं सोवळंओवळं पाळत राहिल्या, आणि टिळकांनी त्यांना ते पाळू दिलं. टिळक रागीट होते हे सगळ्यांना माहीत आहे, पण बायकोच्या श्रद्धेवर त्यांनी जबरदस्ती केली नाही. त्यांच्या स्वतःच्या बाबतीतही सुरुवात नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका अनोळखी युरोपियन प्रवाशापासून झाली. त्याने आदराने गप्पा मारल्या आणि नवा करार हातात ठेवला. पुढे टिळक म्हणत की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. ज्या वारकरी परंपरेत संत स्वतःलाच पतित म्हणवून घेतात आणि विठ्ठलाला पतितपावन म्हणतात, त्या परंपरेत वाढलेल्या मैत्रिणीला पाप म्हणजे काय हे पहिल्यांदा तुमच्याकडून कळणार आहे, असं समजू नका.

आता प्रत्यक्ष बोलण्याबद्दल. माझे एक शेजारी निवृत्त शिक्षक आहेत, पक्के नास्तिक. आमचा चहा आणि वाद दोन्ही कित्येक वर्षं चालू आहे. एकदा त्यांनी थेट विचारलं, 'तुमच्या हिशेबाने मी नरकात जाणार ना?' मी म्हणालो, 'गुरुजी, न्याय आहे असं मी मानतो आणि त्या न्यायापुढे मलाही उभं राहायचंय. तुमचा निकाल माझ्या हातात दिलेला नाही. मला कशामुळे आशा वाटते ते विचारलंत तर सांगतो.' त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते ख्रिस्ती झाले नाहीत, चहा चालू राहिला.

यात मी काही लपवलं नव्हतं. अविश्वासी माणसाचं शेवटी काय होणार यावर ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये खरोखर मतभेद आहेत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. व्यक्तिगत विश्वासावर भर देणाऱ्या अनेक इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट मंडळ्या उघड विश्वासाशिवाय तारण नाही असं शिकवतात. मी स्वतः अब्राहामाच्या प्रश्नापाशी थांबतो: सर्व पृथ्वीचा न्यायाधीश न्यायाने वागणार नाही का? आणि मत्तयाच्या सातव्या अध्यायात 'मला तुमची ओळखच नव्हती' हे भयंकर वाक्य ज्यांना ऐकावं लागतं, ते 'प्रभू, प्रभू' म्हणणारेच आहेत, हे मी विसरत नाही.

तुमची जी मैत्रीण चिडवते तिच्यासाठी प्रेषितांच्या कृत्यांतला एक तपशील सांगतो, ज्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. इफिस शहरात अर्तमी देवीच्या भक्तांनी पौलाच्या साथीदारांविरुद्ध दंगा केला. तो शांत करताना शहराचा अधिकारी जमावाला सांगतो की या माणसांनी देवळं लुटलेली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही. पौल त्या शहरात दोन वर्षांहून जास्त काळ शिकवत होता, त्याच्या शिकवणीने देवीचे रुप्याचे देव्हारे घडवणाऱ्यांना आपला धंदा बसेल अशी भीती वाटत होती, तरी विरोधी बाजूच्या अधिकाऱ्याला हे म्हणता आलं. तुमच्याबद्दल त्या दोघींना असं म्हणता यावं. ती चिडवेल तेव्हा प्रत्येक वेळी ख्रिस्ताची बाजू लढवायची गरज नाही. प्रश्न खरा असेल तर उत्तर द्या, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, टोमणा असेल तर जेवायला वाढा. पेत्र आशेविषयी उत्तर द्यायला सांगतो ते विचारणाऱ्याला, आणि सौम्यतेने. मंडळ्यांनी जगात केलेल्या अन्यायाबद्दल ती बोलत असेल आणि ते खरं असेल, तर कबूल करा.

जिचे मित्राशी संबंध आहेत तिच्याशी तुम्ही एकदा बोललात, तुमचं मत तिला कळलंय. पुन्हा काढू नका. तिने विचारलं तर खरं सांगा, थोडक्यात सांगा. घर तिघींचं आहे, तेव्हा पाहुणे किती वाजेपर्यंत थांबणार हे तुम्ही जरूर ठरवू शकता, पण ते भाडं भरणारी म्हणून बोला, त्यात शास्त्र आणू नका. तुम्ही कुणाच्या वरिष्ठ असाल, शिक्षिका असाल, नर्स असाल तर माझं उत्तर याहून कडक असतं: समोरचा तुमच्यावर अवलंबून असताना त्याच्या पापाचा विषय काढायचाच नाही. आणि एका बाबतीत गप्प बसायचं नाही. त्या नात्यात मारहाण, धमकी किंवा फसवणूक दिसली तर तिच्या बाजूने लगेच उभ्या राहा, गरज पडली तर ११२ ला फोन करा. त्या वेळी तिने लग्न का केलं नव्हतं हा प्रश्न मनातही आणू नका.

राहिले तुमचे पुढारी. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली रीत आपल्या माणसांसाठीच आहे, ती इथे वापरा. सगळ्यांसमोर वाद न घालता त्यांना एकटं गाठा, यहेज्केल आणि करिंथ दोन्ही उतारे सोबत वाचा आणि आपल्याला काय वाटलं ते सांगा. ऐकलं तर उत्तमच. नाही ऐकलं तर आपल्या पाळकांशी बोला, आणि तुमच्यावर असाच दबाव येत राहिला तर दुसरा गट शोधण्यात काही पाप नाही. तोवर एक काम आजच थांबवा: त्या दोघींची नावं घेऊन गटात प्रार्थनाविनंत्या सांगणं. त्यांच्या खोलीत कोण येतं-जातं हे त्यांना न विचारता दहा-वीस जणांपुढे जातं, आणि प्रार्थनेच्या नावाखाली गेलं तरी ती चहाडीच राहते. त्यांच्यासाठी प्रार्थना घरी, एकटीने करा. त्यांच्या नोकरीसाठी करा, गावाकडच्या आईवडिलांच्या तब्येतीसाठी करा, ज्या गोष्टींची त्यांना स्वतःला काळजी आहे त्यांसाठी करा.